श्वास ऐकू येता कामा नये

५ एप्रिल

मुलगी आणि जावई आज कुत्रा ठेवून गेले. दोघांची बदली झाली आहे. नव्या गावात घर लागेपर्यंत, म्हणजे सगळा उन्हाळा, तो इथे.

जात पग. धावत येऊन बंद दारावर आपटावं आणि तोंड तसंच राहावं, अशी चेहऱ्याची रचना. डोळे दोन दिशांना. जीभ तोंडात मावत नाही, म्हणून बाहेर ठेवलेली. नाव बटाटा. या नावाने मी कोणत्याही सजीवाला हाक मारणार नाही.

मुलगी निघताना दारात सूचना देत होती. उन्हात नको, बंद खोलीत नको, पळवायचं नाही, पट्टा गळ्याला नको, छातीला हवा. मी लक्षपूर्वक ऐकत होतो. वाक्याच्या शेवटी ती अजून आवाज पाडते. शाळेत असल्यापासून सांगतो आहे. आजही सांगितलं. ती थांबली. बरं बाबा, म्हणाली आणि उरलेलं हिला स्वयंपाकघरात जाऊन सांगत बसली. निरोप लांबवायची मायलेकींना सवयच आहे.

जबाबदारी माझ्यावर आली. योग्य माणसावर आली. आयुष्यभर रेडिओवर निवेदन केलं, एकदाही श्वास ऐकू येऊ दिला नाही. अशा माणसाच्या शिस्तीत एक उन्हाळा काढला तर कुत्रासुद्धा सुधारतो. ती न्यायला येईल तेव्हा शांत, सडपातळ, शहाणा प्राणी तिच्या हातात ठेवीन. ती काही बोलणार नाही. फक्त माझ्याकडे बघेल.

६ एप्रिल

झोप नाही. बेसिनमधलं शेवटचं पाणी जाताना जो आवाज होतो, तो अखंड. भिंतीतून.

हिला म्हणालो, ही वाईट सवय आहे. ही म्हणाली, अहो, त्याला नाक आहे कुठे? दोन चिरा आहेत. त्यातून घेणार किती आणि सोडणार किती? मी म्हणालो, चिरा लहान असतील तर श्वास जपून वापरावा. असा उधळू नये. ही चहा गाळत राहिली.

उद्यापासून श्वसनाचा सराव.

८ एप्रिल

सराव झाला नाही. कारण घड्या.

त्याच्या तोंडावर घड्या आहेत. त्या रोज कापसाने पुसाव्या लागतात. आज ही कामावर लवकर गेली (शाळेच्या ग्रंथालयात वर्षअखेरीची मोजणी चालू आहे) आणि काम माझ्याकडे आलं. एका घडीत ओलसर, तपकिरी काहीतरी होतं. वास पावसात भिजून कोपऱ्यात राहिलेल्या मोज्याचा. मी पुसत असताना तो शिंकला. जे उडालं ते चष्म्यावर आलं.

चष्मा तीनदा धुतला. जेवलो नाही.

९ एप्रिल

जेवलो. तो समोर बसून बघत होता. लाळेची तार जमिनीपर्यंत जाते, तुटत नाही. अर्धं ताटात ठेवून उठलो. उरलेलं हिने त्याला घातलं. माझ्या मते हे आधीच ठरलं होतं. दोघांचं.

११ एप्रिल, दुपार

निदान झालं. स्टॅमिना नाही. चालवलं की छाती मोकळी होईल, छाती मोकळी झाली की आवाज जाईल.

वेळ दुपारची निवडली. विचार करून निवडली. त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अशा चेहऱ्याबरोबर ओळखीचं कोणी बघावं अशी माझी इच्छा नाही. माझा आवाज या शहरात लोकांना माहीत आहे.

औषधांच्या दुकानापर्यंत ठीक. तिथे त्याने मागचे पाय फाकवले आणि डांबरावर पोट टेकलं. मी ओढलं. तो नुसता लांब झाला. वरून हाक आली, अहो रेडिओसाहेब, तव्यावर काय भाजताय त्याला?

समोरच्या इमारतीतले बुलडॉगवाले. गॅलरीत बनियनवर. यांना दुसरं काम नाही. म्हणाले, हाताची उलटी बाजू टेकवा रस्त्याला, मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. त्यांचा मान राखायचा म्हणून टेकवला. तीनला काढला. चारपर्यंत राहिला असता, पण दुकानदार बघत होता.

कुत्रा उचलून आणावा लागला. पांढरा शर्ट खांद्यापासून खिशापर्यंत भिजला. शर्ट धुऊन निघेल. मनातून निघणार नाही.

१२ एप्रिल

बुलडॉगवाले पायऱ्यांवर भेटले. न विचारता सांगू लागले. त्यांचा बुलडॉग सूर्य उगवायच्या आत फिरतो, नंतर थेट उजेड गेल्यावर. दिवसभर ओल्या फरशीवर, पंख्यासमोर. पाण्याच्या भांड्यात बर्फ. गाडीत कधीही एकटा नाही. ही चपट्या तोंडाची मंडळी म्हणजे रेडिएटर नसलेली इंजिनं, म्हणाले. धाप लागली की समजायचं, गरम झालं.

त्यांच्या हातावर बुलडॉगची लाळ वाळलेली होती. त्याच हाताने माझा खांदा थोपटला.

माणसाने स्वतःला इतकं खाली आणू नये.

१५ एप्रिल

आनंदाची बातमी. नगर कार्यालयाच्या प्रसिद्धी विभागातून फोन. उन्हाळ्याच्या सूचनांचं निवेदन हवं आहे. बागा, बसथांबे, बाजार, सगळीकडे कर्ण्यावरून वाजणार. आवाज तुमचाच हवा, म्हणाले. हल्लीची पोरं माइकसमोर बुडत्या माणसासारखा श्वास ओढतात. हे ते म्हणाले नाहीत. मी म्हणालो. त्यांनी नाही म्हटलं नाही.

मजकूर आला. भाषा भिकार. तिसरा परिच्छेद पाळीव जनावरांवर. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना शरीरातली उष्णता बाहेर टाकता येत नाही. त्यांना बंद, कोंदट खोलीत ठेवू नये. धाप वाढली, जीभ निळसर किंवा जांभळी दिसली, तर जराही थांबू नये. एकाच परिच्छेदात तीन नकार. ऐकणारा दुसऱ्यालाच कंटाळतो. यातून वाट काढायची तर पॉजनेच काढावी लागेल. ‘जराही’च्या आधी मोठा पॉज घेणार.

हिने खांद्यावरून वाचलं. म्हणाली, वाचलंत ना तुम्ही हे? मी म्हणालो, पाठ झालं आहे. ही म्हणाली, ते नाही विचारत मी.

मग काय विचारत होती, ते कळलं नाही.

१८ एप्रिल

अडगळीच्या खोलीचा स्टुडिओ केला. खिडकीला गादी. भिंतींना घोंगड्या. दाराच्या फटीत टॉवेल. टाळी वाजवली, आवाज तिथल्या तिथे मेला. असं काम आता कोणी करत नाही.

पंखा अर्थात बंद. पंख्याइतका माइकचा वैरी नाही. हॉलमधला एसीसुद्धा भिंतीतून गुणगुणतो, तोही बंद.

अडचण एकच. कुत्र्याला बाहेर ठेवलं की तो दार खरवडतो आणि पोटातून एक सूर काढतो. आत घेतलं की बेसिन.

१९ एप्रिल

सराव एकदाचा सुरू केला. त्याच्यासमोर फरशीवर बसलो. तोंड मिटून, नाकाने, खोल, निःशब्द श्वास घेऊन दाखवला. तो एकाग्र होता. मला वाटलं, समजतं आहे. दुसऱ्या श्वासाला त्याने माझं तोंड चाटलं. मिटलेलं नव्हतं.

चूळ भरत होतो तेव्हा ही हसून हसून दाराला टेकली होती. सरावाबद्दल मुलीला फोनवर सांगू लागली. मी फोन मागितला. ती नंतर बोलते म्हणाली.

२१ एप्रिल

उद्या ही दिवसभर बहिणीकडे जाणार. मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. मला सगळं बजावून सांगितलं. एसी चालू, पाणी दोनदा बदला, बाहेर नेऊ नका, काही वाटलं तर लगेच फोन. मी म्हणालो, मी काय कुक्कुलं बाळ आहे? ही म्हणाली, बाळाचं काही नाही हो, ते रडतं तरी.

उद्या घर रिकामं. उद्याच रेकॉर्डिंग उरकतो.

२२ एप्रिल, दुपार

झालं. असा टेक बऱ्याच वर्षांत झाला नाही.

सविस्तर लिहितो. बाहेर ठेवून पाहिलं, दार खरवडू लागला. आत घेतला. पहिला टेक बेसिनमुळे गेला. दुसऱ्यात आवाज वाढला, जलद झाला, फरशीवर लाळेचं थारोळं. मला घामाने बसवत नव्हतं, पण घामाला आवाज नसतो, त्यामुळे हरकत नाही. मी त्याला शांतपणे म्हणालो, श्वास ऐकू येता कामा नये. एवढंच. रागावलो नाही.

तो माझ्या पायाशी पसरला. हळूहळू श्वास बारीक झाला. मग ऐकूच येईना. मी खाली पाहिलं, तो माझ्याकडे बघत होता. जीभ केवढी तरी बाहेर, रंग गडद. घोंगड्यांमुळे खोलीत उजेड कमी आहे.

तिसरा टेक एकदम घेतला. ‘जराही’च्या आधीचा पॉज जसा मनात होता तसाच पडला. तीनही नकार मोकळे झाले. टेक संपल्यावर पहिल्यांदा त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बरंच गरम डोकं. अखेर त्याला समजलं. कोणालाही समजतं, शिकवणारा हवा.

फाइल पाठवली.

तो अजून उठलेला नाही. दमला असेल. पाणी नेऊन देतो.

२२ एप्रिल, नंतर

दवाखान्यात बसून लिहितो आहे.

पाणी प्यायला नाही. उठला, दोन पावलं तिरका गेला, पडला. तोंडाला फेस. हाक मारली. कुठली हाक मारली, ते लिहीत नाही. मग खिडकीतून ओरडलो. आवाज फाटला. बुलडॉगवाले धावत आले, अनवाणी. नळ सोडा, म्हणाले, पाजू नका, ओता, अंगावर ओता, पोटाखाली ओता. न्हाणीघरात मी तांब्याने ओतत होतो, ते हाताने वारा घालत होते. मग टॅक्सी. त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, एसी पूर्ण सोड, बाबा. मांडीवर कुत्रा. पँट पूर्ण भिजली. पाणी, फेस, आणि आणखी काय काय. नंतर किळस येईल.

काउंटरवरच्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिला ऐकू आलं नाही. पुन्हा मोठ्याने विचारलं. मी ओरडलो, बटाटा. बाकावरची सगळी माणसं वळली. एका मांजराने टोपलीतून पाहिलं.

डॉक्टर मुलगी आहे, आमच्या मुलीच्याच वयाची. तिने विचारलं, कुठे होता? म्हणालो, रेकॉर्डिंगच्या खोलीत. खिडकी? गादी लावली होती. पंखा? बंद. का? म्हणालो, पंखा ऐकू येतो.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, काका, तुम्ही बाहेर बसा.

ही आली. मधली एक खुर्ची सोडून बसली.

२३ एप्रिल

जिवंत आहे. नळी, सलाइन. आज ठरेल म्हणतात, उद्याही ठरेल म्हणतात.

डॉक्टरने समजावून सांगितलं. कुत्र्याला घाम येत नाही, तो धापा टाकून थंड होतो. याचं नाक अरुंद, घसा आखूड, त्यात टाळूचं मांस आडवं येतं. जितकी धाप, तितका घसा सुजतो, तितका आणखी तापतो. श्वासाचा आवाज बंद होणं हे सगळ्यात वाईट.

मी म्हणालो, हे मला माहीत आहे. माहीत होतंच. तिसरा परिच्छेद तिला पहिल्या शब्दापासून म्हणून दाखवला, पॉजसकट. बाकावरच्या दोन माणसांनी ओळखलं, आवाज छान आहे म्हणाले.

डॉक्टरने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, मग?

प्रश्न अपुरा आहे. मग काय, ते तिने सांगायला हवं होतं. मी घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत होतो.

२४ एप्रिल

हिने मुलीला कळवलं. मी बोलू का, विचारलं. नको, म्हणाली.

२५ एप्रिल

प्रसिद्धी विभागाचा फोन. निवेदन उत्तम आहे, पण शेवटाकडे मागे कोणीतरी धापा टाकतंय, तुमच्याबरोबर कोण होतं? मी म्हणालो, अशक्य. तुमचे स्पीकर तपासा. माझ्या टेकमध्ये श्वास नसतो.

हेडफोन लावले. पहिले दोन परिच्छेद स्वच्छ. तिसऱ्यात, ‘कोंदट खोलीत ठेवू नये’च्या पुढच्या जागेत, आहे. बारीक, भराभर, कागदावर कागद घासावा तसा. त्याच्या पुढच्या जागेत कमी. ‘जराही’च्या आधी मी जो मोठा पॉज घेतला आहे, त्यात काहीच नाही.

तांत्रिकदृष्ट्या तो सगळ्यात चांगला पॉज आहे.

हेडफोन काढले. विभागाला कळवलं, घसा बसला आहे, दुसऱ्या कोणाकडून करून घ्या.

२८ एप्रिल

घरी आणला. पुढच्या पायावर केस काढलेला चौकोन. वजन उतरलं आहे. तेवढं तरी ठरवल्याप्रमाणे झालं.

दिवसभर एसीसमोर झोपून असतो. बेसिनचा आवाज परत आला. अत्यंत किळसवाणा. बंद झाला की मी उठून बघून येतो.

३० एप्रिल

नवीन नियोजन. उन्हाळ्याचा प्रश्न मी आता मुळातून समजून घेतला आहे. पहाटे फिरवणं, छातीचा पट्टा, ओली फरशी, बर्फ. हे सगळं मी शास्त्रशुद्ध करीन. बुलडॉगवाले अंदाजाने करतात.

१ मे

पहाटे जाग आली नाही. फरशी ओली केली, तीवर मीच घसरलो. कोपर सुजलं. बर्फ लावायला गेलो तर बर्फ नव्हता. सगळा भांड्यात घातला होता.

ही कुत्र्याला तिच्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावून घेतलं. तुम्हाला झोप हवी, म्हणाली. तेवढी काळजी आहे.

३ मे

मुलगी उद्या येणार. बोलायचं लिहून काढलं. सुरुवात हवामानापासून. मग इमारतीची बांधणी, पश्चिमेची भिंत. मग मी केलेली धावपळ. शेवट नम्र ठेवला आहे. आरशासमोर दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा माझाच आवाज जड झाला. परिणाम नक्की होईल.

४ मे

आली. चपलासुद्धा न काढता आत गेली. कुत्रा तिच्या अंगावर चढला, तिचं तोंड, कान, मान, सगळं चाटलं. तिने चाटू दिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

मग मायलेकी स्वयंपाकघरात. मी दारात उभा राहिलो. संधी मिळाल्यावर सुरुवात केली. हवामानावर होतो तेव्हा ती म्हणाली, बाबा, राहू दे. मी तुमच्यावर चिडलेली नाही.

मी म्हणालो, जबाबदारी माझी होती. ते मी नाकारत नाही.

ती म्हणाली, तुमची नव्हती. मी त्याला आईकडे ठेवलं होतं.

हे तिने अगदी सहज सांगितलं. वाक्याच्या शेवटी आवाज पाडला नाही.

मी म्हणालो, बरं.

५ मे

मुलीने तिकडे तात्पुरतं घर घेतलं आहे. कुत्रा तिच्याबरोबर गेला. हीसुद्धा गेली. त्याला सध्या दिवसभर सोबत लागते, मुलीला रजा नाही, आणि तो हिच्याच हातून खातो. उन्हाळा संपेपर्यंत. तिकडे गारवा आहे.

मी विचारलं, आणि घर? ही म्हणाली, तुम्ही आहात की.

म्हणजे घर माझ्यावर सोपवलं. एवढ्या प्रकारानंतर सोपवलं. याचा अर्थ ज्याला कळायचा त्याला कळेल.

अडगळीच्या खोलीतल्या घोंगड्या काढल्या. एकीवर केस आहेत, वाळलेली लाळ आहे. धुवायला टाकणार होतो. अजून टाकली नाही.

घरात कसलाही आवाज नाही. कामासाठी आदर्श परिस्थिती. उद्यापासून रोज सकाळी वाचन, दुपारी आवाजाचा रियाज.

६ मे

रियाज केला नाही. हवा पडली आहे.

दुपारी दाराचं कुलूप बाहेरून फिरलं. मी खुर्चीतून उठेपर्यंत बुलडॉगवाले आत. हातात आमच्या घराची किल्ली. मला पाहून दचकले नाहीत. कुंड्यांना पाणी घालायला आलो, म्हणाले. मी म्हणालो, मी घरात आहे. ते म्हणाले, हो, वहिनी बोलल्या. म्हणाल्या, ते असतील, तरी तुम्ही जाऊन या.

कुंड्यांना पाणी घातलं. गादी अजून खिडकीलाच होती, ती काढली, खिडकी उघडली. पंख्याचं बटण दाबलं. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले, जरा वाकून चेहऱ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, सकाळपासून पाणी प्यायलात का, साहेब?

प्यायलो नव्हतो.